बुरूज, सुरुंग, आरमार : मराठीच्या युद्धशब्दांचा आढावा

आचऱ्याच्या रामेश्वर मंदिरात उत्सवाच्या दिवसांत नौबत झडते, निशाण पुढे निघते आणि मागोमाग देवाची स्वारी येते. नौबत, निशाण, स्वारी या तिन्ही शब्दांना आता देवळाचा वास लागला आहे. कधीकाळी ते फौजेचे शब्द होते. नौबत सत्ताधीशाच्या दारात आणि लष्कराच्या तळावर वाजे, आणि शिवकाळातल्या सरनौबत या हुद्द्यात तोच शब्द बसलेला आहे. निशाण म्हणजे सैन्याचा झेंडा. स्वारी म्हणजे मोहीम, आणि मराठेशाहीच्या कागदांत कर्नाटकच्या, हिंदुस्थानच्या स्वाऱ्या पानोपानी भेटतात. राज्ये बुडाली, फौजा विरल्या. शब्द देवळाच्या आश्रयाला आले आणि जगले.

आचऱ्याहून मालवणच्या वाटेला लागले की हे आणखी ठळक होते. सर्जेकोट, राजकोट, पद्मगड, आणि समुद्रात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला आणि १६६७ मध्ये तो उभा राहिला. त्याचा तट, बुरूज, दिंडी, जंग्या ही नावे शाळेच्या सहलीत मुलांना सांगितली जातात. पण या शब्दांची घराणी कोणती, ती या किनाऱ्याला कशी लागली, त्यांना हटवायचे प्रयत्न कोणी केले आणि त्यांतले किती फळाला आले, याचा सलग विचार फार थोडा होतो. अभ्यासकांनी तुकड्यातुकड्यांनी काम करून ठेवले आहे. ते एकत्र मांडले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते : युद्धाच्या शब्दांचे भवितव्य दरबारात ठरत नाही, ते हत्यार हाताळणाऱ्या माणसाच्या तोंडी ठरते.

सुरुवात जुन्यात जुन्या परकीय शब्दापासून करतो, आणि तो फारसी नाही. विहिरीला कातळ लागला की कोकणात सुरुंग लावतात. समुद्रात पेरतात तो पाणसुरुंग, रणांगणात पुरतात तो भूसुरुंग. संस्कृतात हा शब्द ‘सुरुंगा’ असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो येतो, आणि लाक्षागृहातून पांडव ज्या भुयाराने निसटले त्यालाही महाभारतात हाच शब्द आहे. इतका आपला वाटणारा हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असे भाषातज्ज्ञ मानतात. सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी, बासरी. वेढा घातलेल्या नगराच्या तटाखालून खणलेल्या भुयारालाही ग्रीक सैनिक तेच म्हणत. अलेक्झांडरनंतरच्या शतकांत वायव्येकडून हे तंत्र आले आणि तंत्राबरोबर नावही आले. या एका शब्दाच्या आधारे ओटो स्टाइनसारख्या विद्वानांनी अर्थशास्त्राच्या काळाबद्दल वाद उभा केला होता, यावरून त्याचे वजन कळावे. घोड्याच्या तोंडातल्या कडीला संस्कृतात ‘खलीन’ म्हणतात, तोही ग्रीक ‘खालिनोस’चाच अवतार. मराठीने मात्र तो घेतला नाही. आपण फारसी लगाम घेतला.

दुसरा ग्रीक पाहुणा लांबच्या वळणाने आला. बुरूज हा अरबी ‘बुर्ज’. अरबीत तो आरामाईच्या मार्फत आला आणि त्याचे मूळ ग्रीक ‘पिर्गोस’, म्हणजे मनोरा, असे बहुतेक अभ्यासक सांगतात. काहींना मध्ये लॅटिनचा टप्पा दिसतो. बंदुकीचेही तसेच. काळ्या समुद्राच्या पोंतोस प्रांतातल्या कवचाच्या फळाला ग्रीक लोक ‘पोंतिकोन’ म्हणत. अरबीत त्याचे ‘बुंदुक’ झाले, त्या फळाएवढ्या गोळीला तेच नाव पडले आणि गोळी उडवणाऱ्या हत्याराने ते उचलले. सिंधुदुर्गाच्या बुरुजावर बंदूक घेऊन उभा राहिलेला भंडारी किंवा गाबीत शिपाई दोन ग्रीक आडवाटा खांद्यावर वागवत होता आणि त्याला त्याची गंधवार्ता नव्हती. ग्रीकांचा आपल्याशी संबंध पंजाबापुरताच होता असेही नाही. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि पहिल्या शतकातले ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतले सागरी मार्गदर्शन कल्याणपासून खालची बंदरे एकामागून एक नोंदवत जाते, तिथल्या चाच्यांचा धोकाही सांगते.

घरचे शब्द कोणते मग? झुंज हा सर्वांत जुन्या ठेव्यातला. संस्कृत युध् धातूपासून प्राकृतात ‘जुज्झ’ झाले, त्याचे मराठीत झुंज आणि कोंकणीत झूज. गोव्यात आजही युद्धाला झूज म्हणतात. मराठीत युद्ध हा संस्कृत शब्द मानाच्या जागी बसला, आणि झुंज कोंबड्यांच्या, बैलांच्या वाट्याला आली किंवा आजाराशी झुंजण्यापुरती राहिली. हे मला नेहमी खटकते. झुंज या शब्दात धडकेचा आवाज आहे, दम आहे. वेढा, हूल, घाव, मारा, चढाई, आघाडी, पिछाडी हीही घरची माणसे. डावपेच कुस्तीच्या हौद्यातून रणात गेला आणि इंग्रजीतल्या टॅक्टिक्सला त्याच्याइतका नेमका प्रतिशब्द दुसरा सापडणार नाही. ग्रीकांनी सेनापतीला स्त्रातिगोस म्हटले, त्याच्या कलेवरून इंग्रजीत स्ट्रॅटेजी आली. तिला आपण रणनीती म्हणतो आणि तेही ठीक चालते.

फारसी-अरबी-तुर्की थर मात्र सगळ्यांत जाड आहे. लष्कर, फौज, शिपाई, सुभेदार, हवालदार, जमादार, तोफ, कित्येक हत्यारांची नावे, किल्ला, खंदक, मोर्चा, रसद, कूच, मोहीम, फितूर, तह, कवायत, एल्गार, चकमक. यांतला एकेक शब्द उचलून पाहावा. चकमक हा तुर्कीतला गारगोटीचा दगड. ठिणगी पाडणारा, म्हणून लहानशी लढाई. कवायत हे अरबी ‘कायदा’चे अनेकवचन, नियमांनी बांधलेली हालचाल. मोर्चा म्हणजे वेढ्याच्या वेळी खणलेला आडोसा, तिथे माणूस दबा धरून बसे. आता मोर्चा रस्त्यावरून चालतो आणि घोषणा देतो. गनिमी काव्यातला गनीम म्हणजे शत्रू, आणि तो अरबी आहे. मराठ्यांच्या ज्या युद्धपद्धतीचा आपण सर्वाधिक अभिमान बाळगतो तिच्या नावाचा पहिला अर्धा भाग शत्रूच्या दरबाराच्या भाषेतला आहे. मला यात कमीपणा दिसत नाही. आदिलशाही आणि निजामशाहीत तीन-चार पिढ्या मराठा सरदारांनी चाकरी केली, तिथेच तोफखाना पाहिला, तिथेच हजेरी-पगाराचे कागद लिहिले. जिथे धंदा शिकतो तिथली बोली अंगाला चिकटते.

इंग्रजीची गत वेगळी नाही. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि वॉर, आर्मी, बॅटल, सीज, सोल्जर, कॅप्टन, लेफ्टनंट हे सारे शब्द फ्रेंचच्या वाटेने त्या भाषेत शिरले. अँग्लो-सॅक्सन फौजेची स्वतःची नावे जुन्या पोथ्यांत उरली.

या परकीय थरावर पहिला विचारपूर्वक घाव शिवाजी महाराजांनी घातला. राज्याभिषेकानंतर त्यांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश तयार झाला. सुमारे चौदाशे फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा पद्यमय कोश दहा वर्गांत मांडलेला आहे, आणि त्यांतले शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, दुर्गवर्ग हे तीन थेट युद्धाचे. त्या शतकात हिंदुस्थानात कोणत्याही राज्यकर्त्याने आपल्या कारभाराची भाषा अशी शब्द मोजून बदलायला घेतल्याचे दुसरे ठळक उदाहरण मला आठवत नाही. १६७४ च्या अष्टप्रधानांत पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकेनविसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती.

या प्रयोगाचे काय झाले? वि. का. राजवाड्यांनी वेगवेगळ्या सालांची पत्रे घेऊन त्यांतले शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४ च्या आसपास, १६७७ मध्ये ६२, १७२८ मध्ये ९३. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ती मूठभर पत्रांची मोजणी आहे, आणि पत्राचा विषय बदलला की प्रमाण बदलते. बखरी उघडल्या तर फारसी पुन्हा दाटीने भेटते, यू. म. पठाण यांनी मराठी बखरींतल्या फारसीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. माझा निष्कर्ष असा की कोशाने हुद्दे बदलले, हत्यारे बदलली नाहीत. सेनापती, सचिव, मंत्री, न्यायाधीश, पंतप्रधान हे शब्द आजच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आहेत. तोफ, बंदूक, बुरूज, खंदक, दारूगोळा जिथल्या तिथे राहिले. हुद्दा हुकमाने दिला जातो, म्हणून त्याचे नाव हुकमाने बदलता येते. तोफ डागणारा गोलंदाज अंधारात सोबत्याला ओरडून सांगतो तेव्हा तो कोश उघडत नाही. हुद्द्यांतही सगळे जमले नाही. पेशवे हे नाव पुढे शंभर वर्षे गाजले आणि पंतप्रधान शिक्क्यावर राहिला. तरी तो शब्द वाया गेला नाही, विसाव्या शतकात लोकशाहीने तो उचलला. शोधून ठेवलेला शब्द दोनशे वर्षांनीही उपयोगी पडतो, याचा याहून चांगला पुरावा नको.

समुद्रावर हा कोश जवळजवळ पोचलाच नाही, आणि इथे विषय आमच्या किनाऱ्याचा होतो.

आरमार हा शब्द पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आला. ज्या पोर्तुगिजांच्या परवान्याशिवाय अरबी समुद्रात गलबत हाकारणे अवघड झाले होते, त्यांच्याशी टक्कर द्यायला उभी केलेली शक्ती त्यांच्याच शब्दाने ओळखली गेली. गुराब हे अरबी. मूळ अर्थ कावळा किंवा डोमकावळा. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढे निमुळते, नाळेवर तोफा चढवलेले हे जहाज होते. गलबताचे नाते पोर्तुगीज ‘गलिओता’शी जोडतात. महाराजांच्या आरमाराचे दोन प्रमुख : मायनाक भंडारी आणि दर्यासारंग. या दुसऱ्या नावातला सारंग म्हणजे फारसी ‘सरहंग’, सेनेचा अधिकारी. इराणच्या सैन्यात आजही तो हुद्दा आहे. तोच शब्द जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाला लागला, इंग्रजांनी त्याचे ‘सेरँग’ केले, आणि आमच्या मालवण किनाऱ्यावर सारंग हे आडनाव आहे. कान्होजी आंग्र्यांचा सरखेल हा किताबही फारसी, मुळात घोडेस्वारांच्या तुकडीच्या मुख्याचा. जमिनीवरच्या घोडदळाचा हुद्दा समुद्रावर चढला आणि कान्होजींच्या नावाशी असा जखडला की सरखेल म्हटले की दुसरे कोणी आठवत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. त्यात दुर्गांइतकेच आरमारालाही स्वतंत्र प्रकरण आहे आणि आरमार हे राज्याचे वेगळे अंग मानले आहे. गुराबा किती मोठ्या असाव्यात, गलबतांचा साज कसा असावा, पावसाळ्यात आरमाराची छावणी कोणत्या आश्रयाला करावी, लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात का लावू नये, हे सगळे त्यात येते. शब्दांच्या दृष्टीने हा ग्रंथ मला राजव्यवहारकोशापेक्षाही मोलाचा वाटतो. कोश सांगतो शब्द कोणते असावेत. आज्ञापत्रात ते काम करताना दिसतात : संस्कृत, फारसी, पोर्तुगीज आणि देशी एकाच वाक्यात खांद्याला खांदा लावून. अमात्य हा स्वतः त्या नव्या संस्कृत हुद्द्यावर बसलेला माणूस. तरी गुराबेला त्याने गुराबच म्हटले, कारण त्याला ती बांधून घ्यायची होती.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या मोहिमेत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, ही त्या प्रकरणातली न विसरता येणारी बाजू. त्या मोहिमेच्या इंग्रजी वृत्तांतांत आपली गुराब ‘ग्रॅब’ आणि गलबत ‘गॅलिव्हॅट’ होऊन बसले आहेत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. वर्षभरात किल्ला करवीरकरांकडे परत आला आणि ते नाव कागदावरच विरले. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांनी मालवण कायमचे सोडून दिले. त्यानंतर गुराबा बांधणारे कोणी उरले नाही, म्हणून गुराब हा शब्दही बोलण्यातून गेला. गलबत मालवाहू होऊन बराच काळ टिकले. नाखवा, तांडेल, खलाशी, सुकाणू, डोलकाठी, परबाण हे शब्द मासेमारीने आणि किनारी व्यापाराने सांभाळले. यांतला नाखवा फारसी ‘नाखुदा’, सुकाणू आणि खलाशी अरबी. लढाईचे जहाज गेले, तरी जहाज चालवणारी माणसे किनाऱ्यावर होती. शब्द त्यांच्याबरोबर राहिले.

युरोपीय धर्तीच्या पायदळाने जमिनीवरचे शब्द आणले. इंग्रजी-फ्रेंच वाटेने गारदी आणि पलटण, पोर्तुगीज वाटेने कप्तान आणि कंपू. गारदी हा शब्द मराठी मनात रक्ताने लिहिला गेला : पानिपतावर इब्राहीमखान गारदी, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून करणारे गारदी. कंपू म्हणजे महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉइन याने उभारलेल्या कवायती पलटणी. आज कंपू म्हणजे आपापसांत कुजबुजणारी टोळी. पानिपत तर स्थळनाम असूनही क्रियापदाला जोडले गेले. ‘पानिपत झाले’ म्हटले की दुसरे काही सांगावे लागत नाही.

मराठी शब्दांची पहिली मोठी मोजदाद जिंकलेल्या मुलखात आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी केली. १८२४ मध्ये व्हॅन्स केनेडी या लेफ्टनंट कर्नलचा कोश निघाला. त्यानंतर जेम्स मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांच्या आणि मराठी शास्त्र्यांच्या साह्याने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. मोल्सवर्थ आणि कँडी बंधू तिघेही कंपनीच्या फौजेतून आलेले. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. किल्ल्याच्या भागांची, घोड्याच्या चालींची, हत्यारांची, छावणीतल्या कामकऱ्यांची नावे मोल्सवर्थमध्ये जितकी बारकाईने मिळतात तितकी नंतरच्या फार थोड्या कोशांत मिळतात. त्या शिपायांच्या आणि शास्त्र्यांच्या आठवणीत पेशवाई अजून ताजी होती, हे त्याचे कारण. त्या शास्त्र्यांची नावे मुखपृष्ठावर आली नाहीत, याची खंत मात्र वाटते.

इंग्रजी अमदानीत कोकणातून मुंबईच्या फौजेत आणि जहाजांवर माणसे जात राहिली. १७६८ मध्ये उभी राहिलेली पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. आज या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. बराकीची भाषा मात्र रोमन लिपीत लिहिलेली हिंदुस्थानी होती, म्हणून मराठा जवान मराठीत लढायला शिकला नाही. पहारेकऱ्याने ‘हू कम्स देअर’ असे विचारायचे, त्याचे शिपायांच्या तोंडी ‘हुकूमदार’ झाले. सुट्टीवर आलेल्या फौजीच्या बोलण्यातून ड्रिल, परेड, कोर्ट मार्शल, पेन्शन हे शब्द आमच्या वाड्यांत उतरले, आणि त्यांना मराठी पर्याय शोधायची गरज कोणाला वाटली नाही. सुभेदार, हवालदार आणि नाईक हे जुने हुद्दे मात्र भारतीय सेनेत आजही चालू आहेत. शिवकाळात गडावर असलेला हवालदार आज सीमेवर आहे. हुद्द्याच्या नावाचे इतके दीर्घ आयुष्य जगात थोडे.

या सगळ्याला तोडीस तोड उदाहरण हवे असेल तर ग्रीसकडेच परत जावे लागते. ज्यांच्या भाषेने जगाला स्ट्रॅटेजी दिली, युद्धाला ज्यांचा स्वतःचा ‘पोलेमोस’ होता, त्या ग्रीकांवर साडेतीनशे-चारशे वर्षे तुर्कांचे राज्य होते आणि बेटांवर व्हेनिसचे. १८२१ मध्ये त्यांनी स्वातंत्र्ययुद्ध पुकारले तेव्हा डोंगरातल्या लढवय्याच्या हातातल्या बंदुकीला तो ‘तुफेकी’ म्हणत होता, तिच्या दारूला ‘बारूती’, तोफेला ‘कानोनी’ आणि आपल्या नायकाला ‘कापेतानिओस’. तुफेकी आणि बारूती तुर्कीतून आले, कानोनी आणि कापेतानिओस इटालियनातून. ज्या तुर्की ‘तोप’वरून आपली तोफ आली त्यावरून ग्रीकांकडे ‘तोपी’ आला, आणि तो मुलांच्या खेळातला चेंडू झाला. बारूद आपल्याकडेही ठाऊक आहे, कप्तान तर आहेच. हजारो मैल दूरच्या दोन किनाऱ्यांनी एकाच बाजारातून माल उचलला होता.

नवे राष्ट्र उभे राहिल्यावर ग्रीकांनी नेमके तेच केले जे रायगडावर झाले होते. अदामांतिओस कोराईस आणि त्याच्या मागून आलेल्या विद्वानांनी ‘काथारेवुसा’, म्हणजे शुद्ध केलेली भाषा, घडवली. तोफेला ‘पिरोवोलो’, दारूला ‘पिरीतिदा’, आरमाराच्या मुख्याला प्राचीन ‘नावार्खोस’. सरकारने, सैन्याने, विद्यापीठांनी ती चालवली. १९७६ मध्ये ती राजभाषेच्या जागेवरून दूर झाली. निकाल आपल्यासारखाच. हुद्द्यांची नावे प्राचीन ग्रीक आहेत आणि घट्ट आहेत. तोफेला सैन्याच्या कागदावर पिरोवोलो आणि लोकांच्या तोंडी कानोनी. आणि तिसरी एक गोष्ट आहे, जी मला सर्वांत शिकवून गेली. पाणबुडीला ग्रीकमध्ये ‘इपोव्रिखिओ’, म्हणजे पाण्याखालची, एवढा एकच शब्द आहे. ती अवतरली तेव्हाच तिला घरचे नाव मिळाले, त्यामुळे परक्या शब्दाला जागाच उरली नाही.

आपल्याकडे पाणबुडीचेही तेच झाले. पाण्यात बुडी मारणाऱ्याला पाणबुड्या म्हणायचा प्रघात होताच. सबमरीन आली आणि वर्तमानपत्रांनी तिला पाणबुडी म्हटले. रणगाडा, लढाऊ विमान, विमानवाहू नौका, विनाशिका, क्षेपणास्त्र हेही वस्तूच्या बातमीबरोबरच घरात आले आणि टिकले. त्यांच्यात मी पाणबुडी आणि रणगाड्याला सर्वांत वरचा मान देतो, कारण ते बोलीच्या मातीतून घडले. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली, शहिदाच्या जागी हुतात्मा दिला आणि तो मुंबईतल्या चौकाचेही नाव झाला. फारसी-मराठी कोश करणाऱ्या माधवराव पटवर्धनांसारख्या फारसीच्या जाणकारानेही १९३८ मध्ये भाषाशुद्धीच्या बाजूने पुस्तक लिहिले. या दोघांबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते की तोफ त्यांच्याही हाती लागली नाही. संयुक्त महाराष्ट्रानंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पदनामांचे, परिभाषेचे कोश निघू लागले. कारभाराच्या मराठीवर त्या कोशांचे मोठे उपकार आहेत. युद्ध हा विषय मात्र केंद्राचा आणि सेनेचा, त्यामुळे तो राज्याच्या कोशकारांच्या वाट्याला नीट आला नाही.

राजकारणाने आणि क्रिकेटने या शब्दांची जी झीज केली आहे तीही नोंदवली पाहिजे. प्रत्येक निवडणूक रणधुमाळी, प्रत्येक भाषण हल्लाबोल, प्रत्येक सामना महायुद्ध. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झाले तेव्हा वाहिन्यांकडे वापरायला ताजा शब्दच शिल्लक नव्हता. आवाज चढला, नेमकेपणा गेला. १० मे रोजी लष्करी कारवाई थांबल्याचे जाहीर झाले तेव्हा कोणी शस्त्रसंधी लिहिले, कोणी युद्धविराम, कोणी दोन्ही एकाच बातमीत. संधीत करार येतो, विरामात फक्त थांबणे येते, आणि तह तर त्याहून पुढची गोष्ट. सीमेवर ज्या घरातले माणूस आहे त्या घराला हा फरक कळायला हवा असतो. त्याच आठवड्यात ड्रोन हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी गेला. मानवरहित विमान हे त्याचे कागदी नाव आहे, ग्रीकांकडेही तसलेच लांबलचक नाव कागदावर आहे आणि तोंडी ड्रोनच. नाव द्यायची वेळ दोघांनीही चुकवली. आता तो शब्द तोफेच्या रांगेत बसला असे समजून चालावे, आणि पुढचे हत्यार येईल तेव्हा संपादकांनी पहिल्याच दिवशी सजग असावे.

एक दार अजून उघडे आहे, आणि ते आमच्याच किनाऱ्यावर उघडले. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणजवळ तारकर्लीत साजरा झाला. नौदलातल्या हुद्द्यांची नावे भारतीय परंपरेला धरून ठेवली जातील, अशी घोषणा पंतप्रधानांनी तिथे केली. हुद्द्यांची नावे हुकमाने बदलता येतात हे अष्टप्रधानांपासून आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा हे काम होण्यासारखे आहे. प्रश्न इतकाच की शब्द कुठून आणायचे. संस्कृत समास घडवणे सोपे आहे, आणि अधिकाऱ्यांच्या वरच्या हुद्द्यांना ते शोभतीलही. पण खलाशांच्या, नायकांच्या, डेकवर उभ्या असलेल्या माणसांच्या हुद्द्यांसाठी कोशाआधी बंदराकडे पाहावे. सारंग आणि तांडेल हे हुद्दे कंपनीच्या जहाजांवर होते, त्याआधी मराठी गलबतांवर होते, मासेमारीच्या होड्यांवर तांडेल अजून आहे. आणि हे शब्द एकट्या मराठीचे नाहीत. मल्याळममध्ये होडीच्या चालकाला ‘स्रांक’ म्हणतात, बंगालीत ‘सारेंग’. तांडेलाचे रूपही दक्षिणेच्या किनाऱ्याला ओळखीचे आहे. चितगावच्या बाजूपासून कोचीपर्यंत आणि कोचीपासून आचऱ्यापर्यंत ज्यांना समुद्राने पोसले, त्यांना हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत.

त्यासाठी आधी हे शब्द कागदावर यायला हवेत. विजयदुर्ग, देवगड, आचरा, सर्जेकोट, मालवण, वेंगुर्ले या बंदरांत शिडाच्या गलबतांवर काम केलेली शेवटची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. शिडाच्या प्रत्येक दोरीला, वाऱ्याच्या प्रत्येक दिशेला, नांगर टाकायच्या प्रत्येक हुकमाला त्यांच्याकडे नाव आहे, आणि यातली पुष्कळ नावे आंग्र्यांच्या आरमारात दिल्या जाणाऱ्या हाकांपासून चालत आलेली असणार. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रक घेऊन धक्क्यावर पाठवावे आणि हा संग्रह नौदलापुढे ठेवावा. काम येत्या पावसाळ्यातच सुरू होऊ शकते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या की माणसे मोकळी असतात.